तलावाचा फ्लेक्स

माझं दुकान चंद्रपूरला होतं आणि त्यात दोन मशीन होती. एक रोल कागदावर नकाशे काढायचं, दुसरं फ्लेक्स छापायचं. पहिलं आधी घेतलं, दुसरं नंतर कर्ज काढून. दोन्ही मोठ्या आकाराचंच छापत, पण त्यांची गिऱ्हाइकं एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसत.

नकाशावाली माणसं जवळ येऊन बघायची. खाणीतले सर्व्हेअर, कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यातले इंजिनियर, आलापल्लीहून जंगलाचे नकाशे घेऊन येणारे. कागद टेबलावर पसरला की खिशातून पट्टी काढायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि नाक कागदाला टेकवायचं. एक रेघ केसाएवढी तुटली तरी कागद परत. रंगाचं त्यांना काही नव्हतं. कोरी जागा दिसली की उलट समाधान वाटायचं, कारण तिथं खरोखरच काही नव्हतं.

फ्लेक्सवाले मागे सरकून बघायचे. झाडीपट्टीतल्या नाटक कंपनीचा एक मालक तर रस्ता ओलांडून पानठेल्यापाशी उभा राहायचा आणि तिकडूनच ओरडायचा, "हिरोईन मोठी करा, भाऊ! सायकलवरच्या माणसाले दिसली पायजे!" कोरी जागा म्हणजे त्यांना स्वतःची फसवणूक वाटायची. "इथी काऊन मोकळं सोडलं? भाव तं पूर्ण फुटाचा घेता ना?" मग मी तिथं एखादं कमळ, मोर किंवा सूर्यकिरण टाकायचो.

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. नकाशावाल्याला थांबवून वाढदिवसाचा फ्लेक्स आधी काढला तर त्याची माफी मागायचो, आणि फ्लेक्सवाल्याला थांबवलं तर त्याची. बायको म्हणायची, तुम्ही दुकान चालवता की प्रायश्चित्त घेता? पण सिंदेवाहीकडच्या एका गावच्या तलावाबाबत मी जे केलं, त्याबद्दल मात्र मला योग्य तेवढंच अपराधी वाटतं असं माझं मत आहे.

झालं असं, की एक दिवस दुकानात पन्नाशीची एक बाई आणि पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर असे दोघे आले. बाई त्या गावच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. ओव्हरसियरनी तलावाचा नकाशा काढला होता. पाच रेघा एकात एक, वेड्यावाकड्या कड्यांसारख्या. पाणी एकेक पायरी उतरलं की तलावाचा काठ कुठं येईल, ते त्या दाखवत होत्या. प्रत्येक दोन रेघांच्या मध्ये एक बारीक तुटक रेघही होती, अर्ध्या पायरीची.

भांडण पाण्याचं होतं. तलावाखालच्या शेतकऱ्यांना धानासाठी आणखी तीन पाणी, म्हणजे तीन वेळा सोडलेलं पाणी, हवं होतं, आणि एका पाण्याला तलाव साधारण एक रेघ उतरे. सोसायटीनं पावसाळ्यात रोहू-कटला माशांची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली होती. तीन रेघा पाणी गेलं तर उरलेल्या डबक्यात ती जगणार नव्हती.

"मागच्या साली सारी पिल्लं चिखलात मेली," बाई म्हणाल्या. "या साली मेली तं सोसायटी बुडाली समजा. म्या एकच पाणी देतो म्हणतो, ते तीनच धरून बसले. पाळीवर सभा आहे. कागद सुंदर आहे, पण मागं बसलेल्याले घंटा दिसते का?"

म्हणून नकाशा फ्लेक्सवर हवा होता. ओव्हरसियरनी बजावलं, "रेघा जाड करा. बाकी कशाला हात लावू नका. रंग नको."

मी रेघा जाड केल्या. मग मागे सरकून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, आणि इथंच घात झाला. एवढा मोठा फ्लेक्स आणि सगळा पांढरा! लोक काय म्हणतील? मी सगळ्यात बाहेरच्या रेघेपर्यंत निळा रंग भरला, काठाला फिका, मध्ये गडद. तुटक रेघा दुरून घाण पडल्यासारख्या दिसत होत्या, त्या काढून टाकल्या. एका कोपऱ्यात उडी मारणारा मासा टाकला. नकाशाचं स्केल हलवलं नाही, याचा मला अभिमान होता.

शाई वाळायला उशीर झाला, म्हणून सभेच्या सकाळी मी स्वतःच तो फ्लेक्स गुंडाळून मोटरसायकलवर घेऊन गेलो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सगळा गाव जमला होता. दोन बांबूंना फ्लेक्स बांधला आणि सोडला. ओव्हरसियरनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चष्मा काढून धोतराला पुसत बसले.

शेतकऱ्यांच्या बाजूनं बोलणारे एक भाऊ होते, तलावाच्या पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला शेत असलेले. ते उठले, कमरेवर हात ठेवून हसले.

"अबे, हे तं समुद्र आहे! एवढं पाणी असून बाई रडून काऊन राह्यली?"

"अन् मासोळी पाह्य!" मागून कुणी ओरडलं. "खुशीत नाचून राह्यली. हिले कायची कमी आहे?"

सगळी पाळ हसली. बाई माझ्याकडे वळल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "हे काय केलं, भाऊ?" मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्या ऐकायला थांबल्याच नाहीत. पाळीवरून खाली उतरल्या, काठचा ओला गाळ ओंजळीत घेतला आणि वर येऊन फ्लेक्सच्या कडेला थापला.

"हे पयलं पाणी घेतलं तुमी." बाहेरच्या रेघेपासून आतल्या रेघेपर्यंत सगळा निळा रंग त्यांनी गाळाखाली झाकला.

"रेघ ओलांडू नका!" ओव्हरसियर एकदम उभे राहिले. "तिथं, डावीकडं, बाहेर गेला हात!"

बाईंनी बोटानं कड नीट केली. पुन्हा खाली गेल्या. "हे दुसरं." पोरीबाळीही गाळ आणून देऊ लागल्या. "अन् हे तिसरं. आता पाहा तुमचा समुद्र."

मध्ये परातीएवढा निळा ठिपका उरला होता. माझा मासा कोपऱ्यात, चिखलाच्या पलीकडे उडी मारत होता.

कुणी हसलं नाही. भाऊ पुढे आले, फ्लेक्सजवळ वाकले. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी सगळ्यात आतला गाळ पुसला. "बरं, दोन घेतो."

"अजून पुसा," बाई म्हणाल्या.

"बाई, धान फुलावर आहे माया! टोकाले पाणी पोचता पोचता अर्धं मुरते. तुई मासोळी जगन, माये लेकरं काय खातीन?" त्यांनी दुपट्टा झटकला. "बरं आयक. तू दोन दे, अन् वरून अर्धं. अडीच. पुन्हा म्या मांगणार नाई."

ते खरोखर रास्त होतं. मलाही तसं वाटलं, ओव्हरसियरनाही. ते पुढे झाले आणि तिसऱ्या-चौथ्या रेघेच्या मध्ये बोट फिरवू लागले.

"इथं अर्धी रेघ होती," ते म्हणाले. "मी काढली होती."

"म्या... मी पुसली," मी म्हणालो. "दुरून घाण दिसत होती."

पाळ पुन्हा हसली, या वेळी माझ्यावर. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी संधी साधली.

"रेघ नाई तं पाणी नाई. म्या एकावरून दोनावर आलो, तुमी तिनावरून दोनावर या. या फ्लेक्सवर जे आहे, त्याच्यावरच बोला."

"हा इमानदारीचा सौदा नाई, बाई."

"मंग हे सोडून द्या अन् पुन्हा पयल्यापासून भांडू. माया दिवस मोकळाच आहे."

भाऊंनी ओव्हरसियरकडे पाहिलं. मूळ कागद माझ्या दुकानातच राहिला होता, आणि ओव्हरसियर म्हणाले, अंदाजानं रेघ दाखवायला मी तयार नाही. शेवटी दोनवर सौदा झाला. दोन पाणी झाल्यावर पाणी सोडायचं तोंड, म्हणजे तिकडचं तुडूम, बंद करायचं असं सगळ्यांसमोर ठरलं.

थंडीत मी त्या रस्त्यानं जात होतो. मुद्दाम वाट वाकडी केली. तलावात जाळं पडलं होतं आणि बाई पाळीवर तराजू घेऊन बसल्या होत्या. मासे टोपलीत उड्या मारत होते.

"जगली?" मी विचारलं.

"जगली. बारीक राह्यली, पण जगली."

समोर मासे घ्यायला तेच भाऊ उभे होते. त्यांनी मला ओळखलं. "माया धान थोडा पोचट निंगाला," ते सहज, हवापाण्याबद्दल सांगावं तसं म्हणाले. "टोकाकडचा. अर्धं पाणी भेटलं असतं तं भरला असता."

 मी त्यांची माफी मागितली, तुटक रेघेबद्दल. मग बाईंची मागितली, निळ्या रंगाबद्दल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"याले काय झालं?" भाऊंनी बाईंना विचारलं.

"शहरातला आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी त्यातल्या त्यात मोठा एक रोहू उचलून तराजूत टाकला. तो भाऊंसाठी होता. भाव करताना त्या जरा खाली उतरल्या. भाऊंनी आणखी उतरवायला सांगितलं, आणि दोघं पुन्हा कडाक्यानं भांडू लागले. मी बाजूला उभा राहून माझी पाळी यायची वाट पाहत होतो.