उताण्या मेंढीचं केळवण

आमच्या सायलीचं केळवण इंग्लंडात, बर्कशरमधल्या एका मेंढ्यांच्या कुरणात झालं. आमंत्रण आमच्या मेडनहेडच्या घराचं होतं, स्वयंपाक घरी तयार होता, नवा टेबलक्लॉथही घरीच अंथरलेला होता. फक्त यजमानीण कुरणात होती आणि तिच्या दोन गुडघ्यांमध्ये एक मेंढी होती. यजमानीण म्हणजे अस्मादिक!

सायली ही मिलिंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, भाची. हाउन्सलोला राहते, विमानतळाजवळच एका कंपनीत नोकरी करते. तिचं लग्न ठरलं वेम्बलीच्या रोहनशी. रोहन जन्माने इंग्लंडचा, मनाने मराठी. फक्त मराठीतली लिंगं त्याने कधी मनावर घेतलेली नाहीत. त्याच्या हिशेबी चमचा ती आणि वाटी तो! मुलगा गुणी आहे, पण मला धाकधूक होती ती त्याच्या आईची. सुलभाताई अर्धं आयुष्य वेम्बलीत राहूनही रीतीभातीला पुण्याहून पक्क्या. त्या आमच्या घरी पहिल्यांदाच येणार होत्या. त्यांच्या नजरेतून आमचं घर उतरलं तर ते सायलीला आयुष्यभर ऐकावं लागणार, हे उघड होतं.

मी पहाटे उठून सगळं उरकलं. मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा, घरी चक्का बांधून केलेलं श्रीखंड. पुऱ्या पानं मांडल्यावर गरमागरम तळायच्या. पाहुणे जेवायच्या वेळेला येणार होते, आणि मी तर आत्ताच तिसऱ्यांदा दाराबाहेर डोकावून आले होते. अशा वेळी काही बायका देवाचं नाव घेतात, काही नवऱ्यावर ओरडतात. मी (दुसरं करून झाल्यावर) चालायला जाते. एकटी. बस धरायची, एखाद्या खेड्याशी उतरायचं आणि दिसेल त्या पायवाटेला लागायचं.

"आज नको ना, वृंदा," मिलिंद म्हणाला.

"तासाभरात परत येते."

"तू तासाभरात येशील गं. पण तिथे कुणीतरी भेटेल आणि तू बोलत बसशील. आज तरी कुणाशी बोलू नकोस!"

आता हे कसं जमणार? ट्रेनमध्ये इंग्रज माणूस शेजारी बसला की असा खिडकीबाहेर बघतो, जणू आपण त्याच्याकडे किडनी मागणार आहोत. तोच माणूस पायवाटेवर भेटला की लांबूनच 'मॉर्निंग!' म्हणतो. मग हवा, मग त्याचा कुत्रा, मग त्याचा गुडघा, आणि पुढच्या वळणापर्यंत त्याच्या मुलाचा घटस्फोटसुद्धा आपल्याला कळलेला असतो! मला याचं दर वेळी नवल वाटतं. आणि त्या पायवाटा! सरळ लोकांच्या शेतांमधून जातात. शेत त्याचं, कुंपण त्याचं, गव्हात उभं राहून फोटो काढणारी बाई मेडनहेडची, आणि मालक लांबून हात हलवतो. आमच्याकडे शेजाऱ्याचा पाय बांधावर पडला तर नातवंडांपर्यंत कोर्टकचेरी चालते!

त्या दिवशी बसमधून जिथे उतरले त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून तोंड दाखवायचं असतं. एप्रिलची सकाळ होती. काटेरी कुंपणांवर पांढराशुभ्र बहर, खाली दरीत चर्चचा मनोरा, ओल्या गवतावर ऊन. सुलभाताई बघता बघता डोक्यातून गेल्या. पुढे कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या होत्या आणि तिथे काठीला टेकून एक आजोबा उभे होते. पायाशी तपकिरी कुत्रा. नाव डेरेक. (आजोबांचं. कुत्र्याचं नाव सर विन्स्टन असं काहीतरी भारदस्त होतं.)

हवा झाली, कुत्रा झाला. डेरेकना खुब्याचं ऑपरेशन करायचं होतं, तेही झालं. म्हणजे ऑपरेशन नव्हे, त्याबद्दल बोलून झालं. एवढ्यात माझं लक्ष कुंपणापलीकडे गेलं. गवतातून चार पाय आभाळाकडे वर आले होते.

"अय्या, मेंढ्या पाठीवर झोपतात?" मी कौतुकाने विचारलं.

डेरेकनी वळून पाहिलं. त्यांचा चेहराच बदलला.

"नाही, माय डिअर. मेलेल्या झोपतात. किंवा मरणाऱ्या."

मग त्यांनी समजावलं. मेंढी गाभण असली, अंगावर लोकर जड झाली, की कधी कधी लोळताना उताणी होते आणि मग तिला वळताच येत नाही. पोटात वायू धरतो, श्वास कोंडतो. कुणी उलटवलं नाही तर संपली. बाजूच्या खांबावर दोन कावळे येऊन बसलेच होते. आमच्याकडे पिंडाला शिवा म्हणून हात जोडून विनवावं लागतं. इथे हे न बोलावता हजर!

"मग जा ना पटकन!" मी म्हटलं.

डेरेकनी आपल्या खुब्याकडे पाहिलं. मग त्या पायऱ्यांकडे. मग माझ्याकडे. सर विन्स्टनही माझ्याकडेच पाहत होते.

प्राण्यांचा माझा अनुभव म्हणजे लहानपणी नागपूरला दारात येणाऱ्या गाईला पोळी घालणे, तीही फाटकाच्या आतून, लांब हात करून. पण ती मेंढी एक पाय हवेत झाडत होती आणि तिचा डोळा माझ्यावर होता. मी पायऱ्या चढून पलीकडे उडी मारली. (डेरेक नंतर सांगत होते की मी पडले. ती उडी होती.)

"पाय नाही! लोकर धरा! खांद्याशी आणि मांडीशी!" कुंपणापलीकडून डेरेक ओरडले.

पहिल्यांदा ढकललं तेव्हा मेंढी जागेवरच राहिली आणि मी घसरले. दुसऱ्यांदा आम्ही दोघी मिळून थोडं हललो. तिसऱ्यांदा मी "जय गजानन!" म्हणून सगळा जोर लावला आणि मेंढी कुशीवर वळली. मीही वळले, पण चिखलात. ती धडपडत उभी राहिली, झोकांड्या खात चार पावलं गेली आणि पुन्हा कलंडायला लागली.

"धरा! गुडघ्यांत धरा! पाय सावरेपर्यंत आधार द्या! मी मालकिणीला घेऊन येतो!" असं म्हणून डेरेक निघाले. त्यांचा मोबाइल घरी होता आणि खुबा सोबत होता. त्यामुळे ते बराच वेळ मला दिसतच राहिले, फक्त हळूहळू लहान होत गेले.

आणि मग शांतता. अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्या गुडघ्यांमध्ये एक ऊबदार, धपापणारा जीव. लोकरीत हात रुतवले की खाली तिचं काळीज लागत होतं, धाडधाड, धाडधाड, मग हळूहळू संथ. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तर डोळ्यातली बाहुली आडवी! मला कुणी सांगितलंच नव्हतं की मेंढीची बाहुली आडवी असते. मी तिच्या पाठीवर थोपटत "असू दे हं बाई, असू दे" म्हणत होते आणि का कोण जाणे, माझेच डोळे भरून आले. बाईसाहेब मधूनच पुढचे गुडघे दुमडत. मला वाटे, आता पडते! मी जिवाच्या आकांताने तिला वर ओढून पुन्हा उभी करी.

फोन वाजला. एका हाताने मेंढी धरून दुसऱ्या हाताने घेतला.

"कुठे आहेस तू?" मिलिंद दबक्या आवाजात. "ट्रॅफिक लागेल म्हणून लवकर निघाले, तर ट्रॅफिक लागलाच नाही. सगळे आलेत!"

"मी मेंढीपाशी आहे."

"मेंदी? तू आज मेंदी काढायला गेलीस?"

मागून सुलभाताईंचा आवाज आला, "मामी एकट्याच मेंदीला गेल्या? नवरीला सोडून?"

"मेंदी नाही, मेंढी! ढ! ढगातला ढ!" मी किंचाळले. मेंढीनेही नेमकी तेव्हाच "बॅऽऽ" म्हणून साक्ष दिली.

"तू कुणाशी बोलत बसू नकोस म्हणालो होतो," मिलिंद म्हणाला, "पण मला माणसं अभिप्रेत होती."

मी सगळं सांगितलं. सुलभाताई डायबेटिसची गोळी घेतात, त्यांना वेळेवर जेवायला लागतं. यजमानीण हलू शकत नव्हती. मिलिंदला पुऱ्या तळता येत नव्हत्या. (त्याला गॅस कुठे आहे एवढं माहीत आहे.) मग सायलीनेच ठरवलं. माझ्या फोनचं लोकेशन बघून जागा शोधली, मसालेभाताचा कुकर, श्रीखंडाचं पातेलं आणि होणाऱ्या सासूबाई गाडीत भरल्या आणि रोहनला म्हणाली, "चल!"

थोड्या वेळाने कुंपणाच्या पायऱ्यांवर मोरपंखी पैठणी उगवली. सायली! एका हातात निऱ्या, एका हातात सँडल. मागून रोहन नव्या कुर्त्यात, "मामी, तुमचा मेंढी ओके आहे का?" त्याच्या मागे मिलिंद, आणि सगळ्यात शेवटी, जरीकाठ गुडघ्यापर्यंत खोचून, सुलभाताई. मी डोक्यापासून पायापर्यंत चिखलात, मेंढीवर स्वार. व्याह्यांच्या घरच्या बाईंचं असं स्वागत अख्ख्या महाराष्ट्रात कुणी केलं नसेल.

"या, या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "बसा" म्हणायची सोय नव्हती.

सुलभाताईंनी मला पाहिलं, मेंढीला पाहिलं. मग जरीकाठ आणखी वीतभर वर खोचला. मनात म्हटलं, संपलं, सायलीचं आता काही खरं नाही.

तेवढ्यात चार जाड चाकांच्या क्वाड बाइकचा धडधडाट आला. चालवत होती कुरणाची मालकीण जिल, आणि मागे एका हाताने टोपी धरून डेरेक. जिल उतरली, मेंढीच्या मागच्या बाजूला एक नजर टाकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "थँक यू, लव्ह. आता सोडा तिला. व्यायला झालीय."

मी सोडलं. मेंढी तत्काळ आडवी झाली.

आम्ही सगळे कुंपणापर्यंत मागे सरलो. ती एकदा कण्हली, मान ताणून आभाळाकडे बघितलं, आणि एक पिवळट, ओलं गाठोडं गवतावर घसरलं. हलेना. जिल गुडघ्यांवर बसली, त्याचं तोंड पुसलं, कोरड्या गवताने अंग खसखसा चोळलं. हलेना. सायलीने माझा चिखलाचा हात घट्ट धरला. माझ्या दुसऱ्या हाताला आणखी एक हात आला, बांगड्यांचा. सुलभाताई! जिलने गवताची एक काडी घेतली आणि त्याच्या नाकपुडीत फिरवली.

कोकरू शिंकलं.

एवढीशी ती शिंक, पण आम्ही सगळेच एकदम दचकलो. त्याच्या अंगातून थंड हवेत वाफ निघत होती. आई घुं-घुं करत त्याला चाटायला लागली. त्याने मान उचलली, पाय पसरले, पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा नाकावर पडलं. जन्माला येऊन चहा उकळण्याएवढाही वेळ झाला नव्हता, आणि हे उभं राहायला निघालं होतं! शेवटी ते चार काड्यांवर उभं राहिलं तेव्हा डेरेकनी टोपी काढली. मिलिंद बहराची ॲलर्जी असल्यासारखा डोळे पुसत होता. कुणीही फोन काढला नाही. फोटो नाही म्हणून आजही कुणाचा विश्वास बसत नाही.

मग जिलने एक डबा आणला आणि आईच्या आणि बाळाच्या अंगावर फुस्सकन लाल रंगाचा सारखाच आकडा काढला, कोण कुणाचं ते कळावं म्हणून.

"अगंबाई!" सुलभाताई आल्यापासून पहिल्यांदाच बोलल्या. "यांच्यातही कुंकू लावतात!" आणि पर्समधून आपली हळदकुंकवाची डबी काढून त्यांनी तिथेच सायलीला आणि रोहनला टिळा लावला. जिलने मान पुढे केली, तर तिलाही!

कुरणाच्या फाटकाशी गाडी आणून, डिकी उघडून पंगत बसली. सुलभाताईंनी मला बाटलीभर पाण्याने आणि अर्ध्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावलं, तेव्हाच श्रीखंडाजवळ जाऊ दिलं. पुऱ्या नव्हत्याच. डेरेकनी मसालेभात डब्याच्या झाकणात घेतला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ला आणि पुन्हा मागितला. श्रीखंडाला ते "वंडरफुल कस्टर्ड" म्हणाले. आम्ही क्षमा केली.

"केळवणं पुष्कळ जेवले," सुलभाताई सायलीला म्हणत होत्या, "पण असं नाही हो जेवले. मामी तुझी जबरी आहे."

झालं! माझ्या अंगावर मूठभर नव्हे, मेंढीभर मांस चढलं. मी जिलकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "मी जर तिला इतका वेळ उभं धरलं नसतं, तर काय झालं असतं हो?"

जिलने श्रीखंडाचा चमचा तोंडातून काढला. इंग्रज माणूस फार सभ्य असतो. आधी हवेबद्दल दोन शब्द बोलली.

"तुम्ही तिला उलटवलंत, म्हणून ती वाचली. दोघंही वाचली. खरंच, ब्रिलियंट."

"आणि धरलं ते?"

"हं... धरायला काय, दोनचार मिनिटं पुरतात. पुढचा सगळा वेळ," जिल शब्द शोधत राहिली, "ती बिचारी बहुतेक बाळंत व्हायला खाली बसू बघत होती."

मिलिंदने मठ्ठ्याचा घोट घेतला. "मेंढीला काय वाटलं असेल," तो शांतपणे म्हणाला, "ते मी सांगू शकतो."

सुलभाताई इतक्या हसल्या की त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला.

निघताना मी म्हटलं, जाऊ दे, एकदा बाळंतिणीचा निरोप तरी घेऊ. फाटक उघडून प्रेमाने दोन पावलं आत टाकली. मेंढीने मान वर केली, मला ओळखलं, कोकराला नाकाने एक ढुशी दिली आणि त्या काड्यांच्या पायांच्या पोराला घेऊन कुरणाच्या पार दुसऱ्या टोकाला निघून गेली.