सिद्धतेतली फट

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी गणितात संशोधन करत होते. आम्ही घोडपदेवला चाळीत राहायचो. माझे वडील, आप्पा, गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात होते. मला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्यांनी खात्यात पेढे वाटले होते. पुढे काही महिन्यांतच गिरणी बंद झाली आणि आमचं घर त्या शिष्यवृत्तीवर चालायला लागलं.

माझे मार्गदर्शक, सर, गिरगावात एका वाडीत राहायचे, ते आणि त्यांच्या पत्नी, काकू, दोघंच. एर्गोडिक सिद्धांतातला, म्हणजे हलणारे बिंदू दीर्घकाळात कुठं कुठं जातात याच्या गणितातला, एक प्रश्न सरांनी तरुणपणी हातात घेतला होता आणि तो त्यांना सोडत नव्हता. प्रश्न सांगायला सोपा आहे. एका चौकोनात एक बिंदू घ्या. एक ठरलेला नियम लावून त्याला हलवा, मग तोच नियम पुन्हा लावा, पुन्हा लावा. चौकोनात काही बेटं असतात, तिथं सापडलेला बिंदू तिथंच घुटमळत राहतो. बाकीचे बिंदू बेटांभोवती सैरावैरा भटकताना दिसतात. ह्या भटक्या बिंदूंनी खरोखर काही जागा व्यापली आहे, की बारकाईनं पाहिलं तर सगळी बेटंच आहेत आणि भटकणं हा नुसता भास? डोळ्यांना दिसतं की जागा आहे. सिद्ध कुणालाच करता आलेलं नाही.

संपामुळं आप्पा घरीच असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "त्या सरांकडे तू करतेस तरी काय?"

मी त्यांना हेच सांगितलं. ते म्हणाले, "आणि हे कळून काय होणार?"

"काही नाही. कळेल."

"बरं," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि ते गिरणीच्या गेटवर गेले. ते रोज जायचे.

संपाचं दुसरं वर्ष लागलं होतं. एके दिवशी सरांनी मला हातानं लिहिलेली जाडजूड पानं दिली. "झालंय असं वाटतंय," ते म्हणाले. "तू वाच. छापायला पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून जायला हवं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. काकूंनी त्या दिवशी शिरा केला होता.

मी ती पानं विभागाच्या वाचनालयात बसून वाचली. मध्यावर एक छोटंसं विधान होतं. बिंदू किती वेगानं पांगतात ते मोजायला सरांनी एक स्थिरांक घेतला होता आणि सगळ्या बिंदूंसाठी तो एकच धरला होता. तो एकच आहे हे कुठंही सिद्ध केलेलं नव्हतं. मी आठवडाभर ते सिद्ध करायचा प्रयत्न केला. माझी फार इच्छा होती की ते खरं निघावं. शेवटी मला असे बिंदू सापडले की त्यांच्यासाठी तो स्थिरांक हवा तितका लहान होत जायचा. काही बिंदू फार उशिरा पांगतात, आणि किती उशिरा याला मर्यादाच नाही. त्या विधानावर पुढची सगळी पानं उभी होती.

मी गिरगावात गेले आणि सरांना ते पान उघडून दाखवलं. त्यांनी पेन्सिल घेतली, माझे बिंदू स्वतः तपासले, पुन्हा तपासले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग काकूंना हाक मारली. "अगं, हिला चहा दे."

त्यानंतर सर विभागात यायचे बंद झाले. काकूंचा निरोप आला की ते जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. मी घरी सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर."

"तुम्ही काय बोलणार त्यांच्याशी?"

"बोलायचं कशाला? जाऊन बसतो. आपल्याकडे येतात ते सगळे सल्ला द्यायला येतात. नुसतं कोण बसत नाय."

आम्ही दोघं गेलो. वाडीतल्या त्या घराच्या दारात आप्पा थबकले. अशा घरात आत जायची त्यांना सवय नव्हती आणि चपला कुठं काढाव्यात तेही कळेना. काकूंनीच त्यांना आत नेऊन सरांसमोरच्या खुर्चीत बसवलं. बराच वेळ दोघं नुसते बसून राहिले.

शेवटी सरांनी विचारलं, "तुमचा संप काय म्हणतो?"

"चालू आहे."

"परत घेतील कामावर?"

"नाय वाटत."

"मग गेटवर का जाता? ही सांगते, रोज जाता."

"घरात बसवत नाय, सर."

सरांनी मान हलवली. त्या संध्याकाळी ते आप्पांना सोडायला म्हणून खाली उतरले आणि दोघं चालत चौपाटीपर्यंत गेले. काकू मला म्हणाल्या, "किती दिवसांनी उतरले बघ."

पुढं आप्पा अधूनमधून गिरगावात जायला लागले. काय बोलायचे ते आम्हाला कधी कळलं नाही. सर पुन्हा विभागात यायला लागले. "मूळ प्रश्न माझ्याच्यानं व्हायचा नाही," एके दिवशी ते म्हणाले. "तू दुसरा घे. बिंदूला प्रत्येक वेळी नियमाबरोबर एक बारीकसा यदृच्छ धक्का दे. नाणं टाकून ठरवल्यासारखा." अशा धक्क्यानं बिंदू बेटांवरून निसटतात आणि गणित आवाक्यात येतं. त्यातल्या एका साध्या प्रकारावर माझी पीएचडी झाली. प्रबंध द्यायला मी गेले तेव्हा सर मनापासून हसले. पण धक्का लहान करत शून्यावर आणला की माझी सिद्धताही कोसळायची, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आप्पांना कामावर परत घेतलंच नाही. संप मिटला असंही कुणी त्यांना येऊन सांगितलं नाही. ते लालबागला एका दुकानात माल उचलायचे, मग तेही जमेना. छातीत रुई बसलेली होती, दोन जिने चढले की धाप लागायची. ते गेले तेव्हा माझी कायमची नोकरी नुकती लागली होती. सर आमच्या चाळीचे जिने थांबत थांबत चढून आले आणि बुद्धवंदना संपेपर्यंत मागं भिंतीला टेकून बसले.

पुण्यानुमोदनाला आलेला एक नातेवाईक म्हणाला, "एकूण पाहिलं तर गिरणीतले सगळे कुठं ना कुठं लागले की."

आई भाकऱ्या थापत होती. ती वर न बघता म्हणाली, "सगळ्यांचं मला माहीत नाय. ह्यांचं नाय झालं."

मी वर्गात हा विषय शिकवते. एका बिंदूची दीर्घकाळची सरासरी आणि सगळ्या बिंदूंची एका क्षणाची सरासरी सारखी केव्हा असते, इथून सुरुवात करते. अटी फळ्यावर लिहिताना आईचं ते वाक्य मला ऐकू येतं. मुलांना मी ते कधी सांगितलं नाही.

सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं. मी रविवारी जायचे. एकदा त्यांनी विचारलं, "नवीन काही?"

परदेशातल्या काही जणांनी धक्का पूर्वीपेक्षा खूपच लहान घेऊनही काम साधलं होतं. मी त्यांना कल्पना समजावून सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते. "छान," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "शून्य?"

"नाही, सर. शून्यावर अजून कुणी पोचलं नाही."

त्यांनी डाव्या हातानं चादर वर ओढून घेतली. काकू स्वयंपाकघरातून आल्या, उशी नीट केली आणि मला हळूच म्हणाल्या, "आता पडू दे त्यांना." मी खाली उतरले. वाडीत दुपारची शांतता होती. बसच्या रांगेत उभी राहिले, पण बस आली तेव्हा चढवेना. तशीच चौपाटीच्या दिशेनं चालत निघाले.