सोळावं नाव

बेसबॉल म्हटलं की आमच्याकडे लोक आधी "म्हणजे क्रिकेटसारखंच ना?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या विषयाकडे वळतात. शाळेत क्रीडाशिक्षिका होते तोवर मी या प्रश्नाला नेटानं उत्तर देत आले. निवृत्त झाल्यावर जिल्ह्याच्या महिला संघाच्या निवड समितीवर गेले, तर तिथं समितीच्या अध्यक्षांनीच मला तो विचारला. त्या दिवशी मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

अध्यक्ष म्हणजे सोलापूरच्या नवी पेठेतले एक कापड दुकानदार. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण मुलींच्या गणवेशापासून प्रवासातल्या जेवणाच्या डब्यांपर्यंत सगळं तेच बघतात, आणि कुठल्या मुलीच्या घरी काय अडचण आहे हे आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. समितीतले तिसरे म्हणजे प्रशिक्षक, आमचे सर. ते फार बोलत नाहीत. बैठक दुकानाच्या माळ्यावर भरते. परदेशातल्या मोठ्या संघांचं हे काम म्हणे काचेच्या कचेऱ्यांमध्ये चालतं, एकेका खेळाडूवर दिवसचे दिवस चर्चा होते. आम्ही परकराच्या कापडाच्या ताग्यांना पाठ टेकून बसतो आणि खाली गिऱ्हाईक आलं की अण्णा मधेच उठून जातात.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर राज्य स्पर्धेचा संघ निवडायचा होता. सोळा नावं. माझं म्हणणं होतं की पिचर जास्त घ्याव्यात, विशेषतः राखीव. सामन्याच्या शेवटी, पहिलीचा हात दमल्यावर, ज्यांना बोलवायचं त्या. त्या मैदानाबाहेर एका कोपऱ्यात हात गरम करत थांबतात, त्या जागेला बुलपेन म्हणतात. आमचं बुलपेन म्हणजे मैदानाच्या भिंतीलगतचं कडुनिंबाचं झाड आणि चेंडू अडवायला दोरीवर टाकलेली एक विटकी चादर.

"बाई, एवढ्या बॉल टाकणाऱ्या कशाला हो?" अण्णा म्हणाले. "एक दमली की दुसरी आणा. तिला मार बसला की परत पहिलीला बोलवा की."

"बाहेर गेलेली परत येत नाही, अण्णा. हे क्रिकेट नाही, दुसरा स्पेल नसतो. एकदा बाहेर काढली की त्या सामन्यापुरती ती संपली."

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. "लई कडक नियम हाय," म्हणाले, आणि मग पिचरांची संख्या वाढवायला तयार झाले. पंधरा नावं त्यानंतर फार वाद न होता ठरली. घोडं अडलं ते सोळाव्या नावाशी.

ती मैंदर्गीकडची मुलगी. मुलगी म्हणते, पण पंचविशी कधीच ओलांडलेली. घरी अव्वाशी, म्हणजे आईशी, कानडी, आमच्याशी मराठी, आणि चिडली की पुन्हा कानडी. बरीच वर्षं ती आमच्या संघाची राखीव पिचर होती. वेग बेताचा, पण डोकं थंड. बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यांवर, समोरच्या संघाच्या मुली उभ्या असोत, प्रेक्षकांतून आरडाओरडा चालू असो, हिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. पोलीस भरतीसाठी ती जिवाचं रान करत होती. लेखी परीक्षेत दोनदा थोडक्यात राहिली होती. राज्य स्पर्धेतलं पदक मिळालं तर खेळाडूंच्या राखीव जागांत तिचा अर्ज बसणार होता, आणि वय असं येऊन ठेपलं होतं की ही शेवटची भरती. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं की यंदा नोकरी लागली नाही तर लग्न. हे सगळं मला अण्णांकडून कळलं होतं.

आता माझी एक पद्धत सांगते. खांदा दुखतोय हे कुठलीच पिचर कबूल करत नाही, कारण कबूल केलं की संघाबाहेर. म्हणून निवड चाचणीच्या सकाळी मी सगळ्यांना वेण्या सोडायला लावते आणि मानेपासून घट्ट घालून दाखवा म्हणते. केस डोळ्यांत जातात, असं कारण देते. खांदा बिघडलेला असेल तर हात मानेमागे टिकत नाही. मुलगी केस पुढं ओढून घेते किंवा मैत्रिणीला "जरा घाल गं" म्हणते. डॉक्टरकडे न जाता मला जे कळायचं ते कळतं. पुरुष प्रशिक्षकांना हे कधी सुचलं नाही, आणि मीही कधी त्यांना सांगितलं नाही.

त्या सकाळी ती केस कापून आली. पार मानेवर, पोरासारखे.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"धुवायला लई येळ जातोय, बाई."

"दोन वेण्या घालून पेपरात फोटो आला तेव्हा किती मिरवलीस. आणि आता वेळ जातोय?"

तिनं खाली बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमाला कळलंय ते मला दिसतंय. बैठकीत सांगू नका एवढंच."

"सांगणार," मी म्हणाले. "तुझा हात गेला तर तो मला परत आणून देता येणार नाही."

ती वळली. झाडाखाली जाऊन चेंडू टाकायला लागली, हळूहळू, खांद्याच्या खालून, बाजूनं हात फिरवत. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं नवीन काहीतरी शिकतेय.

मी बैठकीत सांगितलं. आडून आडून बोलणं मला जमत नाही. "तिचा खांदा गेलाय. तिच्या जागी माढ्याच्या मुलीला घ्या, तीही बरं टाकते."

सर म्हणाले, "शेवटच्या डावात तिच्याइतकी शांत दुसरी कोण आहे?"

"शांतपणानं खांदा बरा होत नाही, सर."

अण्णांनी कापडाची घडी उलगडली, पुन्हा घातली. ते म्हणाले, "बाई, असं करू. तिचं नाव घेऊ, हात नको घ्यायला. तिला खेळवायचंच न्हाय. संघात हाय एवढं पुरे. पदक आलं तर तिचं भलं होईल, न्हाय आलं तर आपलं काय गेलं?"

"आपली एक पिचर गेली," मी म्हणाले. "नुसत्या नावांचं बुलपेन करून कसं चालेल? तिनं जो चेंडू टाकायचा तो दुसरीला टाकावा लागणार."

सरांनी अण्णांच्या बाजूनं मान हलवली. दोघं विरुद्ध मी एकटी. माझ्या मनासारखं झालं नाही, पण खरं सांगायचं तर मला वाईटही वाटलं नाही. जिना उतरताना अण्णांनी मला पुन्हा बजावलं, "तिला हात लावू द्यायचा न्हाय बघा चेंडूला." मी हो म्हणाले.

स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्यात होती. मी व्यवस्थापक म्हणून गेले होते. उपांत्य सामना आम्ही हरलो, म्हणजे आता तिसऱ्या क्रमांकासाठी खेळायचं होतं. पदक आणि रिकामे हात यांच्यामध्ये तेवढा एकच सामना. पहिल्या पिचरनं छान टाकलं. दुसरीनंही बरं टाकलं. शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं पुढे होतो आणि तिसरी पोर दर चेंडूनंतर सरांकडे बघायला लागली. चेंडू कुठंही जायला लागला. बघता बघता तिन्ही बेसवर त्यांच्या मुली येऊन उभ्या राहिल्या, आणि अजून दोघींना बाद करायचं बाकी होतं.

मी वळून बघितलं तर ती उठली होती. कुणी न सांगता, कुंपणाजवळ उभी राहून चेंडू झेलणाऱ्या दुसऱ्या मुलीकडे, राखीव कॅचरकडे, चेंडू टाकत होती. मी धावत गेले.

"बस खाली. ठरलंय आपलं."

"तुमचं ठरलंय," ती म्हणाली. "पदक गेलं तर नुसतं नाव घिऊन काय करू, बाई?"

"आणि हात गेला तर?"

तिनं चेंडू हातमोज्यात मारला. "सर बघायलेत हिकडं," म्हणाली.

सर खरंच बघत होते. त्यांनी माझ्याकडेही बघितलं. त्या क्षणी मी नाही म्हणाले असते तर सरांनी ऐकलं असतं की नाही, मला आजही सांगता येत नाही, कारण मी तोंड उघडायच्या आत ती मैदानात चालायला लागली होती. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त तिची काळजी वाटली.

तिनं बाजूनं, खांद्याच्या खालून चेंडू टाकले. इतके संथ, की जलद चेंडूंना सरावलेल्या समोरच्या मुली आधीच बॅट फिरवून मोकळ्या व्हायच्या. पहिलीचा उंच उडालेला झेल कॅचरनंच घेतला. दुसरीला दोनदा चुकवल्यावर शेवटचा चेंडू तिनं वरून टाकला, पूर्वीसारखा, सगळा जोर लावून. तो बॅटला लागलाच नाही. तिसऱ्यांदा चुकलं की बाद, आम्ही जिंकलो. पोरी नाचत तिच्याकडे धावल्या. ती त्यांना डावा हात पुढं करून अडवत होती आणि उजवा नुसता लोंबत होता.

सोलापुरात डॉक्टरांनी सांगितलं, आतला स्नायू फाटलाय, शस्त्रक्रिया करा, वर्षभर विश्रांती. ती म्हणाली भरती झाल्यावर बघू. आणि त्या दिवशी घरी येऊन भाकरी थापताना मला एकदम आठवलं की भरतीच्या मैदानी चाचणीत गोळाफेक असते. लोखंडी गोळा, जितका लांब तितके गुण. मी तसाच तवा उतरवला आणि अण्णांना फोन केला. आपण तिघं शहाणे, पदकापर्यंतच बघत बसलो, असं काय काय बोलले. अण्णा बिचारे नुसते "अगाई" म्हणाले.

चाचणीच्या दिवशी मी गेले. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, म्हणून जाळीच्या कुंपणाला धरून उभी राहिले. ती धावली चांगली. मग गोळ्याच्या वर्तुळात आली. वाकली, आणि गोळा डाव्या हातानं उचलला. डाव्या गालाला लावला, गिरकी घेतली आणि फेकला. सवयीच्या माणसानं फेकावा तसा. एका दिवसात, एका महिन्यात येणारी ती गोष्ट नव्हती. मी आयुष्यभर मुलींना गोळा फेकायला शिकवलाय, मला कळतं.

बाहेर आल्यावर रसाच्या गाड्यापाशी मी तिला विचारलं, "डाव्यानं कधी शिकलीस?"

"दसऱ्यापास्नं."

दसरा म्हणजे निवडीच्या कितीतरी आधी. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "खांदा दुखाय लागला तवाच ठरवलं, बाई. उजवा पदकाला घालवायचा, डावा नोकरीला ठेवायचा. रानात वड्यातला गोल दगुड घिऊन रोज फेकायचे. आमच्या अव्वाला वाटायचं पोरीला येड लागलंय."

मला रडू आलं. गाड्यावरच्या लोकांसमोर, पदर तोंडाला लावून रडले. ती माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "अण्णांना ह्यातलं सांगू नका. त्यांनी संघात नाव घेतलं म्हणून सगळं झालं, असं त्यांला वाटतंय. वाटू द्या की. खांदा बी बरा झालाय म्हणूनच सांगा."

ती भरती झाली. प्रशिक्षण संपवून पहिल्या सुट्टीत वर्दीवरच दुकानात आली, मीही तिथंच होते. शस्त्रक्रिया अजून झालेली नव्हती, सुट्टी कुठली मिळायला. अण्णा गादीवरून उठले, गिऱ्हाइकं थांबली. तिनं टाचा जुळवल्या आणि अण्णांना कडक सलाम केला. सलाम उजव्या हातानं करतात. हात कपाळापर्यंत गेला, तिथं थांबला, खाली आला. तिच्या जबड्याचं हाड तेवढं ताठलेलं मला दिसलं. एरवी त्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी घाईनं खिशातून मोबाइल काढला, चष्मा वर केला.

"परत एकदा कर गं," म्हणाले, "फोटो घेतो."

मी पुढं झाले. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, नको अशी. आणि हात पुन्हा वर नेला.

"तसाच ठेव," अण्णा म्हणाले, "हलला बघ."