मावशी ढाल सोडत नसत

पुरस्काराची ढाल एकदा दिली की देणारा हात काढून घेतो. मावशी काढत नसत. ढालीचं एक टोक पुरस्कार मिळालेल्या अधिकाऱ्याच्या हातात, दुसरं मावशींच्या, फोटोग्राफर ताटकळलेला, आणि मावशींचा ठरलेला प्रश्न, "संगं कोन होतं गा?" सोबत्याचं नाव ऐकलं की मगच ढाल सुटायची.

पोलीस खात्याचा हा शौर्य पुरस्कार त्यांच्याच मुलाच्या, फौजदार अविनाशच्या नावाचा. अमरावती रोडवरच्या नाकाबंदीत त्याने सोबतच्या शिपायाला चहा प्यायला पाठवलं आणि एकट्यानेच एका ट्रकला हात दाखवला. ट्रक थांबला नाही.

दरवर्षी वाडीहून मावशींना समारंभाला आणायचं काम माझं, खात्यातल्या हवालदारणीचं. जीपमध्ये बसल्याबसल्या त्या ड्रायव्हरला जेवलास का विचारत आणि मग माझ्याकडे वळत. "तुही वेणी पाहूनच चोर पळत असन वं!" मुलाबद्दल मात्र एकदाच बोलल्या. "त्या शिपायावर माहा राग नाही. पोरानंच धाडलं त्याले. दुसऱ्याची लय फिकीर होती त्याले."

एका वर्षी हिंगण्याच्या तरुण फौजदाराची निवड झाली. हत्यारबंद दरोडेखोराला त्याने धरलं होतं. मावशींनी प्रश्न विचारला.

"कोणीच नाही. एकटाच होतो," तो छाती फुगवून म्हणाला.

मावशींनी ढाल काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. मोठे साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"मदत बलावता येत होती का?"

"येत होती, पण..."

"मंग काहून नाही बलावली? हिंमत त माह्या अविनाशजवळबी होती गा."

त्याची मान खाली गेली. मावशींनी पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या आईला मंचावर बोलावलं आणि ढाल तिच्या हातात ठेवली. "तूच दे वं. पन एकटा जानार नाही, हे आधी कबूल करून घे." पोराने आईच्या पायाला हात लावून कबूल केलं. टाळ्या पडल्या, पण मावशी कुणाकडे न बघता नाक पुसत बसल्या होत्या.

हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. यंदा जीप वाडीला गेली नाही, आणि मला समारंभाला जावंसंच वाटत नव्हतं. ढाल द्यायला मोठे साहेब उभे राहिले. समोर एक महिला फौजदार. तिने ढाल धरली, पण ती सुटेना.

"सोबत कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

तिने मागच्या रांगेकडे हात केला. दोन शिपाई लाजत उभे राहिले. त्यांची नावं घेतली गेली, आणि तेव्हा कुठे साहेबांनी ढाल सोडली.