साडूंनी दुरुस्त केलेला हेडसेट

न बिघडलेली वस्तू या जगात नाही, असं आमच्या साडूंचं ठाम मत आहे. आणि एखादी चुकून असलीच, तर ती त्यांच्या हाती लागेपर्यंतच तशी राहते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, हे यजमान. सारी नोकरी फौजेत, तोफखान्याच्या बिनतारी संचावर गेली. सुभेदार होऊन कडेगावला परतले आणि तेव्हापासून सातारा-सांगली पट्ट्यातल्या आमच्या तमाम नातेवाइकांची यंत्रं जीव मुठीत धरून जगतात. खिशात टेस्टर आणि पिशवीत तारांना डाग द्यायची सोल्डरिंग गन घेऊन हा माणूस लग्नालासुद्धा येतो. साताऱ्याच्या आमच्या घरातली दारावरची घंटा 'नीट वाजत न्हाई' म्हणून त्यांनी उघडली. आता आमच्या दारात कुणी बटण दाबलं की शेजारचे लोक त्यांचं दार उघडतात. कुकरची शिट्टी त्यांना दबकी वाटली, म्हणून कानस घेऊन बसले. तेव्हापासून आमचा कुकर शिट्टी देत नाही, चारी बाजूंनी फुसफुसत निषेध नोंदवतो. मुलीच्या लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाज वाढवून देतो म्हणाले आणि कायमचा मिटवून दिला. यावर काही बोलायची सोय नाही. ''मालच हलका हाय, पावणं,'' एवढं ऐकवून ते पुढच्या वस्तूकडे वळतात.

गेल्या उन्हाळ्यात पेन्शनीच्या कामासाठी ते नि आक्का आमच्याकडे उतरले होते आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी मुलीची मुलाखत होती. पुण्याची कंपनी, घरूनच लॅपटॉपवर बोलायचं. इंजिनिअर होऊन पोरगी बरेच महिने घरी बसली होती. आधीच्या दोन-तीन ठिकाणांहून नकार आलेले. तोंडाने काही म्हणत नव्हती, पण जेवण कमी झालं होतं. सकाळी तिने हेडसेट लावून पाहिला, तर उजव्या बाजूचा आवाज येईना. वायर पिनेपाशी विशिष्ट कोनात दाबून धरली की यायचा, सोडली की गायब. ती मला हे हळूच सांगायला आली, पण तिच्या हातात लोंबणारी वायर साडूंनी बघितली. पोह्यांची बशी खाली ठेवून ते उठले.

''काका, राहू दे. बाबा नवा आणतायत.''

''नवा कशाला? पिनेच्या गळ्याशी तुटलीया. आमी बर्फात हातमोजे घालून असल्या वायरी जोडल्यात.''

आम्ही हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी कात्रीने वायर कच्चकन तोडलीसुद्धा.

मग दिवाणखान्याचा वर्कशॉप झाला. केसासारख्या बारीक तारा सोलल्या, त्यांच्यावरचं रोगण काडी ओढून जाळलं, डाग दिला, चिकटपट्टी गुंडाळली. मोबाईलवर गाणं लावून हेडसेट डोक्यावर चढवला आणि डोळे मिटले. ''डावा लागला. उजवा मेलेलाच हाय,'' असा निकाल दिला. पुन्हा कच्च. पुन्हा सोलणं, जाळणं, डाग. पुन्हा उजवा मेलेलाच. दर खेपेला वायर थोडी आखूड होत होती आणि साडूंचा उत्साह तेवढाच लांबत होता. मी म्हटलं, ''साडूसाहेब, वायर संपली की मग काय तोडणार?'' ''आवं, थांबा की जरा! घाईनं कामं बिघडत्यात.'' थांबता थांबता बाजारात जाऊन नवा आणण्याइतकाही वेळ उरला नाही. हा माणूस फौजेत असताना देश टिकला कसा, हे मला त्या दुपारी खरोखर कळेना.

शेवटी मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ''द्या काका, मी एकाच कानाने ऐकते,'' म्हणत तिने हेडसेट ओढून घेतला, लावला आणि थबकली.

''काका, दोन्ही बाजू चालू आहेत.''

''न्हाई गं पोरी. उजवा मेलाय.''

''अहो, चांगला वाजतोय!''

मी लावून पाहिला. दोन्हीकडून गाणं स्वच्छ येत होतं. साडूंनी माझ्या हातून तो घेतला आणि कानांना लावला. मग उलटा फिरवून लावला, उजवी बाजू डाव्या कानावर. मग पुन्हा सुलटा. चेहरा अगदी शांत होता. हेडसेट काढून त्यांनी टेबलावर अलगद ठेवला, फुटेल की काय अशा बेताने.

''वायर बरी हाय,'' ते म्हणाले.

आक्का त्यांच्या उजव्या हाताला उभी होती. ''मी कवापासनं सांगतीया, आवं, कान दाखवा म्हनून,'' ती हलकेच बोलली. त्यांना ते ऐकू गेलं नाही. तोफांशेजारी काढलेल्या वर्षांनी काय नेलं होतं, ते आम्हाला त्या क्षणी समजलं. मी एक झणझणीत वाक्य तयार ठेवलं होतं. ते गिळलं.

मुलाखत झाली. वायर वीतभरच उरल्यामुळे लॅपटॉप डब्यांवर डबे रचून मुलीच्या तोंडाशी आणावा लागला. मान हलवली की पीन निसटायची, म्हणून ती सबंध वेळ पुतळ्यासारखी बसली. मुलाखत घेणाऱ्या बाई शेवटी म्हणाल्या, ''तुम्ही फार स्थिर चित्ताच्या दिसता.'' नोकरी लागली. पेढे वाटले. घरातला उडालेला फ्यूज बदलला तरी त्याची कथा वर्षभर सांगणारे आमचे साडू आपल्या या एकमेव यशस्वी दुरुस्तीबद्दल आजवर चकार शब्द बोललेले नाहीत.

पुढे सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडे आक्काने मला त्यांच्याबरोबर धाडलं. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, उजव्या कानाची शीर गेलीय, यंत्राचाही फारसा उपयोग नाही, डावा जपा.

''म्हंजे जोडता येत न्हाई?''

''नाही, सुभेदार.''

''बरं,'' म्हणून साडू उठले. एखादी वस्तू उघडून न बघता तिच्याबद्दलचा निकाल त्यांनी मान्य केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

परतीच्या एसटीत ते डाव्या खिडकीशी बसले, मी त्यांच्या उजवीकडे. मी दोनदा काहीतरी बोललो. ते बाहेरच्या द्राक्षबागांकडे बघत राहिले. मी त्यांचा दंड हलवला आणि म्हणालो, ''उठा, मला खिडकी पाहिजे.''

''ल्हान हायसा व्हय तुमी?'' पुटपुटत त्यांनी जागा दिली.

मी त्यांच्या डावीकडे बसलो आणि म्हणालो, ''ही काच केवढी खडखडतेय बघा. पण तुम्ही हात लावू नका, नाहीतर गाडी विट्याला पोचायची नाही.''

साडू गर्रकन वळले. ''तुमाला काय कळतंय वं त्यातलं?'' असं म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला. विटा येईपर्यंत आम्ही कडाडून भांडलो. माझा एकही शब्द वाया गेला नाही.