आडवी फांदी वाचणारी रूपाली

म्हसावदच्या सुपडू पाटलांची धाकटी लेक रूपाली डोंगरात टपाल वाटते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दर रविवारी दुपारी ती तळोद्याच्या एका वाचनालयात बसून चार माणसांना कधी नसलेल्या डोंगरातून फिरवून आणते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ते मला सांगायचं आहे. सावकाश सांगतो, कारण रूपालीच्या डोंगरात घाईने चालणाऱ्याला काही दिसत नाही.

आधी तिच्या पायांबद्दल. रूपाली पपईच्या मळ्यात वाढली. सपाटीवरच्या माणसाला रस्ता म्हणजे सरळ रेघ. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचं माणूस दिसतं, कोण आहे तेही कळतं. नोकरी लागली ती मात्र सातपुड्याच्या कुशीत. तळोद्याहून निघालेली जीप जिथे थांबते आणि ड्रायव्हर खाली उतरून बिडी पेटवतो, तिथून तिचं काम सुरू होतं. सात पाडे, दोन ओढे, एक खिंड. खांद्यावर टपालाची थैली, पायात कॅनव्हासचे बूट.

पहिल्याच महिन्यात तिच्या हातून एक चूक झाली. खिंडीच्या अलीकडे वाट दोन बाजूंना फुटते. त्या दिवशी डावीकडच्या वाटेवर बोरीची काटेरी फांदी आडवी पडलेली होती. आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात, की वाटेतला काटा उचलून बाजूला टाकावा, मागून अनवाणी कुणी येत असेल, तेवढंच पुण्य. रूपालीने फांदी उचलली, बांधाशी टाकली आणि आपण उजवीकडच्या वाटेने निघून गेली. काम तिकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पाड्यावरचा चैत्या तिची वाट पाहत बसला होता. वयाने मोठा, हाडाचा शेतकरी माणूस. त्याने विचारलं, "ताई, काल फांदी तू उचलली?"

"हो. काटा होता ना वाटेत."

चैत्याने खिंडीकडे हात केला. मग म्हणाला, "डावीकडची दरड खचली होती. मी सकाळी पाहून आलो. मागच्यांना कळावं म्हणून फांदी घातली. आमच्या पाड्यावरची रमिलाबाई बाजाराला निघाली, तिला फांदी दिसली नाही. डोक्यावर पाटी घेऊन खाली उतरली, पुढे वाटच नाही. परत चढून येईपर्यंत बाजार उठला."

चैत्या रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तू वाट साफ केली. वाट काहीतरी सांगत होती, तेही साफ केलं."

त्या दिवसानंतर रूपाली डोंगर वाचायला शिकली. तोडलेली फांदी वेगळी, मोडलेली वेगळी. वर दगड असेल तर ती माणसाने ठेवलेली. झाडाच्या कोणत्या अंगाला शेवाळ आहे, पाण्याचा आवाज कोणत्या वळणावर बंद होतो, कुत्रं भुंकतं ते पाड्यातलं की रानात आलेलं. पाच वर्षांत ती हे सगळं शिकली आणि त्यासाठी तिला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

आता खेळाबद्दल. तळोद्यात इंदरचंदशेठचं कापडाचं दुकान आहे. त्यांची मुलगी शिखा पुण्यात शिकून आली आणि येताना एक खेळ घेऊन आली. टेबलाभोवती चार-पाच जणं बसतात. एक जण सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "समोर नदी आहे, काय करता?" असं सांगणारा विचारतो आणि ज्याने त्याने आपलं ठरवायचं. जिथे नशिबाचा प्रश्न येतो तिथे वीस तोंडांचा फासा टाकायचा. पैशाचा संबंध नाही, हरणं-जिंकणं नाही. शिखा सांगायची. खेळायला तिचा भाऊ रिषभ, जीप चालवणारा अमृत आणि अमृतच्या जीपमधून रोज ये-जा करणारी रूपाली.

लढाई आली की शिखाचा खेळ रंगायचा. पण दोन लढायांच्या मधला प्रवास म्हणजे नुसती रखडपट्टी. "तीन दिवस चाललात. फासा टाका. अस्वल आलं." पुन्हा, "दोन दिवस चाललात. फासा टाका. काही आलं नाही."

एकदा अमृत वैतागला. "तीन दिन चालनूत आनि काहीच दिखनं नई? मन्ह्या जीपमा झोपेल पॅसेंजर बी यानापेक्षा जास्त देखस!"

शिखा चिडली. "मंग तू सांग ना!"

"माले कशाले सांगस? हाई रूपालीताईले सांग. रोज पायी फिरस ती."

शिखाने खरंच आपली खुर्ची रूपालीला दिली. त्या दिवसापासून ती खुर्ची रूपालीची झाली. पुण्यात त्या खुर्चीवर बसणाऱ्याला काय म्हणतात कोण जाणे, तळोद्यात तिला सगळे सांगणारी म्हणतात.

रूपालीने एक देश उभा केला. त्यातला डोंगर दर पावसाळ्यात थोडा सरकतो, एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखा कूस बदलतो. म्हणून जुना नकाशा कामाचा नाही. दरवर्षी कुणीतरी पुढे जाऊन वाट शोधायची, तेव्हा मागून बाकीचे येणार. "तीन दिवस चाललात" हे वाक्य तिने टेबलावरून हद्दपार केलं. वाट फुटली की ती दोन गोष्टी दाखवते आणि एक ऐकवते. खोटं कधी सांगत नाही, पण अर्थही सांगत नाही. अर्थ खेळणाऱ्याने लावायचा. एक जण पुढे चालतो, एक जण मागे, एकाकडे पाणी, एकाकडे कागद-पेन्सिल. फासा फक्त तेव्हाच, जेव्हा डोंगराला स्वतःलाच ठाऊक नसतं की काय होणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिचा डोंगर विसरत नाही. मागच्या महिन्यात तुम्ही झऱ्यात पाय धुतलेत, तर या महिन्यात खालच्या वस्तीतली बाई तुम्हाला पाणी देताना तोंड फिरवते.

अमृत म्हणायचा, "ताई, माले आते खऱ्या घाटमा बी भेव वाटस. काय आठवन ठेवी बठेल व्हई तो!"

हा खेळ वाचनालयाच्या आतल्या खोलीत चालायचा. दुकानाच्या माडीवर कापडाचे गठ्ठे, अमृतच्या घरी बसायला जागा नाही. आणि अजून लग्न न झालेली मुलगी रविवारी कुणाच्या घरी बसते, याची चौकशी करायला गाव नेहमी तयार असतं. वाचनालयात बसलेल्या मुलीला कुणी काही म्हणत नाही. खोली गेली की टेबल गेलं, हे रूपालीला स्वच्छ दिसत होतं. पायांनी शिकलेलं तिचं सगळं ज्ञान आठवड्यातून एकदा जिथे कामाला यायचं, ती एवढीच एक जागा होती.

आणि कुणीतरी जाऊन सांगितलं, की आत फासे पडतात.

वाचनालयाच्या समितीचे प्रमुख बन्सीलाल आप्पा. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले, सरळ माणूस. हिशेबाबाहेरचं त्यांना आवडत नाही. ते दारात येऊन उभे राहिले.

"काय करी ऱ्हायनात?"

"खेळ शे, आप्पा," रिषभ म्हणाला.

"फासा शे का?"

"शे."

"फासा तेठे जुगार. पुढला रविवारे मी सोता येसू. देखसू. जुगार दिखना तर कुलूप लागी."

पुढच्या रविवारी आप्पा आले. हातात किल्ली. खुर्ची ओढून भिंतीशी बसू लागले, तेव्हा रूपाली म्हणाली, "आप्पा, लांबून डोंगर सारखाच दिसतो. टेबलाशी या."

रूपाली गोष्ट सांगते ती पुस्तकातल्या मराठीत. भांडते ती अहिराणीत. त्या दिवशी ती एकदाही भांडली नाही.

तिने काम सांगितलं. वरच्या वस्तीतलं मीठ संपलं आहे. नऊ गाढवांवर मीठ लादून माणसं निघाली आहेत, गाढवांच्या गळ्यात घंटा आहेत. ती अर्धा दिवस मागे आहेत. तुम्ही पुढे जाऊन वाट शोधायची.

"आप्पा, तुम्ही पुढे चाला," अमृत म्हणाला. "मी मागे. मागला माणूस जास्त जगस."

आप्पांनी चष्मा पुसला. "कितला किलोमीटर शे ते गाव?"

"किलोमीटर नाही, आप्पा. दोन पाणी आणि एक चढ."

"दोन पानी म्हंजे?"

"दोनदा तहान लागेल एवढं."

आप्पांनी वहीत लिहून ठेवलं. चला, निघाले. रिषभकडे पाण्याने भरलेले भोपळ्याचे पाच तुंबे, शिखाच्या हातात नकाशा. पहिलं पाणी संपलं आणि वाट फुटली. रूपाली सांगू लागली, "उजवीकडून चुलीच्या धुराचा वास येतो. डावीकडची वाट सोपी, खाली उतरणारी. तिच्यावर बोरीची फांदी आडवी आहे. पानं हिरवी आहेत."

"मोडेल शे का तोडेल?" रिषभने विचारलं.

"कोयत्याचा घाव आहे. वर एक चपटा दगड आहे."

शिखाने नकाशावर छोटीशी फांदी काढली. सगळे विचार करत होते. पण पुढे चालणारे आप्पा होते.

"आपले कोठे जानं शे? धूर तेठे गाव. उजवीकडे," आप्पा म्हणाले. "आनि तो काटा मी उचली फेकस. मांगे गाढवं शेत. पाय फाडी त्यासना."

शिखा म्हणते, त्या वेळी रूपालीच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. पण तिने डोंगराशी बेइमानी केली नाही. "ठीक. आप्पांनी दगड बाजूला केला आणि फांदी दूर फेकली. डावीकडची वाट आता मोकळी आहे."

शिखाने रबराने नकाशावरची फांदी खोडली.

उजवीकडे सगळं छान झालं. एक ओढा ओलांडला, तिथे फासा पडला. मधाचं पोळं दिसलं, आप्पांनी त्याला हात लावू दिला नाही, म्हणाले, "परत येताना देखू." चढाला लागले. आप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले होते, किल्ली टेबलावर विसरलेली.

"चढावर उभे आहात," रूपाली म्हणाली. "वारा पडला आहे. घंटा ऐकू येतात."

आप्पा खूश झाले. "मिठवाला उनात!"

"मागून नाही, आप्पा. खालून. डाव्या दरीतून."

शिखाने नकाशा पुढे सरकवला. खोडलेल्या फांदीची फिकी खूण कागदावर तशीच उरलेली होती. आप्पांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"त्या डावीकडे कसा गयात?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं. "मी उचली ती फांदी." मग एकदम आवाज चढला. "कोनी ठेवेल व्हती? माले आधी सांगाले पाहिजे व्हतं!"

"आधी गेलेल्या माणसाने, मागून येणाऱ्यासाठी," रूपाली म्हणाली. "आणि सांगितलं होतं, आप्पा. पानं हिरवी होती. कोयत्याचा घाव होता. वाऱ्याने पडलेल्या फांदीवर दगड कोण ठेवतं?"

आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मीही तेच केलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "खऱ्या डोंगरात. पुण्य म्हणून."

"कितल्या घंटा ऐकू येतस?"

"मोजा. सात."

"गाढवं नऊ व्हतात."

"होती."

पाच वाजले. वाचनालय बंद करायची वेळ झाली. आप्पा उठले, किल्ली उचलली. रिषभ फासे गोळा करू लागला, शिखाने नकाशाला हात घातला.

"नकाशा गुंडाळू नको," आप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ दे तसाच."

दिवे बंद केले, कुलूप लावलं आणि घरी गेले. खोली मिळाली की गेली, कुणाला काही कळलं नाही.

तो आठवडा रूपालीने सातही पाडे पालथे घातले, पण मन खोलीत अडकलेलं. शेवटच्या पाड्यावर तिने चैत्याला सगळं सांगितलं. तो खळखळून हसला. "फेकली? फेकणारच. सपाटीवरचे सगळे फेकतात. पण ज्याने एकदा फेकली ना ताई, तो पुन्हा कधी फेकत नाही. तूच बघ."

रविवारी ती अमृतच्या जीपमधून उतरली आणि वाचनालयाच्या पायऱ्या चढली. वर दोन दारं आहेत. एक वर्तमानपत्रांच्या खोलीचं, दुसरं आतल्या खोलीचं. वर्तमानपत्रांच्या खोलीतूनही आत जायला वाट आहे आणि रविवारी लोक तिकडून मध्येच डोकावतात, गोंगाट करतात.

त्या वर्तमानपत्रांच्या खोलीच्या दाराच्या उंबऱ्यावर कडुनिंबाची हिरवीगार डहाळी आडवी ठेवली होती. देठाला चाकूचा स्वच्छ घाव. आणि वर, वाऱ्याने हलू नये म्हणून, समितीच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट.

रूपाली वाकली. उचलायला नाही, वाचायला. मग वळसा घालून दुसऱ्या दाराने आत गेली.

बन्सीलाल आप्पा आधीच येऊन बसले होते. नकाशा जसाच्या तसा पसरलेला, शेजारी पाण्याचे पाच खरे तांबे भरून ठेवलेले, पेन्सिलीला टोक केलेलं.

"कितला उशीर, रूपाली!" ते म्हणाले. "बठ लवकर. माले खाले दरीमा उतरनं शे. दोन गाढवं सापडनात नई अजून."