अवसेला उठणारे फोड

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. कधी पीस, कधी टाचणीचे टोक अंगाला लावून ते विचारत होते, "आता काय लागलं? मऊ की टोकदार?" मी सांगत गेलो. मग त्यांनी माझ्या कोपरामागची नर्व्ह दाबून पाहिली. नर्व्ह म्हणजे स्पर्शाची खबर मेंदूला पोचवणारी दोरी. महारोगात ती जाड होते, असे त्यांनी नंतर सांगितले. कानाच्या पाळ्या पाहिल्या, भुवया पाहिल्या.

"डोळे उघडा," ते म्हणाले. "हा महारोग नाही."

माझ्याबरोबर माझा चुलतभाऊ सोमा होता. त्याने तिथेच हात जोडले. मी विचारले, "मग काय आहे?"

"ते मला अजून माहीत नाही. इथे राहा थोडे दिवस. बघू."

ज्यांच्या अंगावर असे फोड पुन्हा पुन्हा उठतात, औषधाने बरे होतात आणि पुन्हा उठतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. रोग काय ते कळण्याआधीचे दिवस रोगापेक्षा जड जातात. माझे तसेच गेले.

आमचे गाव सुपे पेट्यात, म्हणजे सुपे तालुक्यात, बाजारकुणंगच्या पलीकडे जंगलात आहे. चार घरांची वाडी, पुढे भाताची शेते. पावसाआधी भाताचा तरवा भाजायचा असतो. म्हणजे रोपे करायच्या जागेवर झाडांच्या फांद्या, पाला, शेण पसरून आग द्यायची. त्या वैशाखात फांद्या कमी पडल्या म्हणून मी ओहोळाकडेच्या झाडांच्या तोडून आणल्या. भाजताना वारा फिरला आणि धुराचा लोट माझ्या अंगावर आला. त्यात विशेष काही नव्हते, दर वर्षी धूर लागतोच. पण दोन दिवसांनी हात आणि मान लाल झाली, खाज सुटली, पाण्याने भरलेले फोड आले, फुटले, त्यांचे व्रण झाले. पंधरवड्यात सुकले. मी विसरलो.

ज्येष्ठाच्या अवसेनंतर फोड परत उठले. या वेळी छाती, पाठ, मांड्यांवर. आषाढात तसेच. श्रावणातही.

मी हिशेबी माणूस आहे. गावात खळ्यावर भात मोजायला मलाच बोलावतात, कारण माझ्या हातून माप कमीजास्त जात नाही अशी लोकांची खात्री आहे. त्यामुळे मी फोडांचाही हिशेब लावला. दर खेपेला अवस झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड. पौर्णिमेपर्यंत सुकतात. पुन्हा अवस, पुन्हा फोड. हिशेबात एकदाही चूक निघाली नाही. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मी काय म्हंत हुते? ही बाधा हाय बाबा. अवसेचीच हाय."

सुप्याच्या वैद्यांनी रक्त बिघडलेय म्हणून कडुनिंबाचा काढा दिला, गंधकाचा मलम दिला. मलमाने कातडी आणखी जळाली. आईने उळवीच्या देवाला नवस बोलला. घरात सगळे चांगले वागत होते, पण शब्द कमी झाले होते. मग भाद्रपदात कोणीतरी माझ्यामागे तो शब्द उच्चारला. महारोग. कोण म्हणाले ते कळले नाही. असा शब्द कोणी एक जण बोलत नाही, तो गावात असतो.

मीच आपले अंथरूण पडवीत नेले. कोणी सांगितले नव्हते. बायको ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि मी उचलेपर्यंत तिथेच उभी राहायची. एकदा ती म्हणाली, "माझ्यासंगट बोलाया तरी काय हरकत हाय? बोलन्यानं लागतंय व्हय?" मी ताट उचलून कोपऱ्यात गेलो.

मार्गशीर्षात खळी लागली. भात मोजायला मला कोणी बोलावले नाही. दुसरा माणूस मोजत होता आणि मी पडवीत बसून त्याचा आवाज ऐकत होतो. त्याच्याकडून एक माप दोनदा मोजले गेले. मी ओरडून सांगितले नाही. त्याच दिवशी संध्याकाळी सोमा आला आणि म्हणाला, "दादा, उद्या बेळगावला जायाचं."

"महारोग निघाला तर?"

"निघाला तर निघाला. हितं पडवीत बसून तो जातोय काय? गाडी जुंपतो. लोंढ्यापतोर बैल, म्होरं आगीनगाडी. तुझा हिशेब तू वाटंत कर."

वाटेत मी हिशेबच करत होतो. महारोग निघाला तर घरी परतायचे नाही, तिथूनच महारोग्यांच्या आश्रमात जायचे, जमीन सोमाने बघायची. हे मी त्याला लोंढ्याच्या फलाटावर सांगितले. तो म्हणाला, "जमीन बघीन. पन तुझी बायको मला झोडपंल त्याचं काय?" मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो म्हणून थंडीने सुकलेला ओठ उलला.

बेळगावच्या दवाखान्यातले दिवस सगळे सारखे. सकाळी व्रण धुवायचे, झिंक ऑक्साइड नावाचा पांढरा मलम लावायचा, म्हणजे जस्ताची भुकटी घातलेले शामक औषध. लघवी तपासली, साखर नाही. रक्त काढले, त्यातून काही निघाले नाही. एका फोडातले पाणी काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवले, त्यातही जंतू दिसले नाहीत. प्रत्येक तपासणीनंतर डॉक्टर म्हणायचे, "हेही नाही." एक एक नाही ऐकताना थकवा येतो. मोकळ्या वेळी मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राही. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या कातडीकडे बघतो आणि बघत नसल्यासारखे करतो.

मी डॉक्टरांना अवसेची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "अवस तुमच्या एकट्यावरच का रागावली असेल? तरी ती येतेच आहे. राहा तोपर्यंत."

अवस आली. मी रात्रभर अंग चाचपत होतो. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, चौथाही. एक फोड नाही. माझा इतक्या महिन्यांचा हिशेब त्या खाटेवर मोडला आणि आनंद होण्याऐवजी मी घाबरलो. अवस नाही, तर मग काय?

डॉक्टरांनी मला उजेडात उभे केले. जुन्या फोडांचे काळे डाग बघत ते माझ्याभोवती फिरले. मग बोटाने दाखवत म्हणाले, "हे बघा. मानेभोवती इथे रेघ आहे. वर चेहऱ्यावर काही नाही. खाली लंगोटाच्या जागी काही नाही. तळपायांना नाही. आतून येणारा रोग कपड्याची कड बघून थांबत नाही. हे बाहेरून लागलेले आहे. तुम्ही नुसत्या लंगोटावर, मानेपासून खाली काहीतरी पांघरून, कधी बसता?"

मला एकदम उत्तर आले, पण सांगायला लाज वाटली. सोमा म्हणाला, "सांग की. दृष्ट काढत्यात त्याची, डाक्टर. दर अवसेला."

ते खरे होते. दृष्ट आमच्या घरी सगळ्यांचीच काढतात, ओवाळून चुलीत टाकतात. पण पहिल्या फोडांनंतर आईला कोणी सांगितले की नुसते ओवाळून भागणार नाही, अंगाला धुरी द्यावी लागेल. म्हणून ज्येष्ठापासून दर अवसेला दिवेलागणीला ती मला पाटावर बसवायची, मडक्यात निखारे ठेवायची आणि मानेपासून खाली घोंगडी गुंडाळायची. धुराने गुदमरू नये म्हणून डोके बाहेर.

"धुरीत काय घालतात?"

"मीठ, मोहरी, मिरच्या," मी म्हणालो. "आणि बिब्बे."

"किती?"

"पहिल्यांदा दोन. फोड वाढले तसे तिने वाढवले. शेवटी सात."

डॉक्टर खुर्चीवर बसले. म्हणाले, "तुमचा हिशेब बरोबर होता. फक्त फोड अवसेच्या खात्यावर लिहिले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून बिब्बा आणवला. सुई त्यात खुपसून दिव्यावर धरली आणि सुईच्या टोकावर आलेले काळे तेल माझ्या डाव्या दंडाला आतून जेमतेम टेकवले. उजव्या दंडाला तसेच खोबरेल टेकवले. दोन्हींवर पट्टी बांधली आणि सांगितले, खाजवू नका. दीड दिवसाने डावा दंड खाजू लागला. पट्टी सोडली तेव्हा तिथे मसुरीएवढा फोड होता, भोवती लाल कडे. उजवा दंड स्वच्छ. अंगावर फोड आला म्हणून मी रडलो आणि ते सुखाचे रडणे होते. तुम्हाला हे विचित्र वाटेल. पडवीत बसलेल्या माणसाला वाटणार नाही.

डॉक्टरांनी त्याला डर्माटायटिस म्हटले, म्हणजे कातडीचा दाह. बिब्ब्याचे तेल पुष्कळांना सोसते, काहींना सोसत नाही. ज्याला वर्षानुवर्षे सोसले त्यालाही एखाद्या दिवशी सोसेनासे होते आणि मग थोड्या धुरानेही कातडी पेटते. वैशाखात ओहोळाकडच्या ज्या फांद्या मी जाळल्या, त्यांत रानबिब्ब्याच्या होत्या का, असे त्यांनी विचारले. होत्या. तिथे तीच झाडे जास्त. पहिला फोड तिथला. पुढचे सगळे उपायाचे.

"घरी जा, घरात राहा, सगळ्यांबरोबर जेवा," ते म्हणाले. "बिब्ब्याला हात लावू नका, त्याचा धूर घेऊ नका. कोरड्या कातडीला रोज खोबरेल लावा. एवढेच."

परतीच्या वाटेवर सोमा गाणी म्हणत होता. गावाला सांगणे सोपे होते. आईला कसे सांगायचे ते सुचत नव्हते. बिब्बे ती स्वतः रानातून वेचून आणायची, गुडघे दुखत असताना. माझ्यासाठी जास्त लागतात म्हणून या वर्षी दोनदा गेली होती.

मी जेवढे मऊ सांगता येईल तेवढे सांगितले. ती ऐकून म्हणाली, "मंग माझ्या हाताला का न्हाई आलं? जलम गेला माझा बिब्बं फोडन्यात."

"तुला सोसतंय आये. मला न्हाई सोसत."

"डाक्टरला काय ठावं दृष्टीचं."

मी वाद घातला नाही. पौषाची अवस आली तेव्हा मीच म्हणालो, दृष्ट काढ, पण ओवाळून चुलीत टाक, आणि बिब्बा घालू नको. तिने मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या आणि ओवाळले. पुढचे चार दिवस रोज सकाळी ती मला अंगणात उन्हात उभे करून पाठ, छाती, दंड बघायची. पाचव्या दिवशी बघून झाल्यावर ती पायरीवर बसली.

"म्हंजी मीच," ती म्हणाली.

"पैलं फोड तरव्याच्या धुराचं, आये. तवा तू कुठं हुतीस?"

"आनि मागनं?"

मला आकडा माहीत होता. मी सांगितला नाही.

अवस पार पडेपर्यंत मी पडवीतच निजत होतो. त्या दिवशी माझे अंथरूण घरात आले आणि तिचे पडवीत गेले. बायकोने विचारले तर म्हणाली, आत उकडतंय. ऐन थंडीत. उरलेल्या बिब्ब्यांचे मडके तिने कुठे पुरले ते आजवर कोणाला सांगितले नाही. स्वयंपाकाला हात लावीना, मला वाढीना. बायको म्हणाली, "आवो, असं का करताय? सगळं बेस झालंय न्हवं आता?" तर म्हणाली, "माझ्या हाताचा भरवसा न्हाई बाई." लोक मला खळ्यावर बोलवायला येऊन गेले. मी भात मोजून आलो. तरी घरात काही नीट झाल्यासारखे वाटेना. रोग मला होता तेव्हा मी पडवीत होतो. आता मी बरा होतो आणि पडवी रिकामी नव्हती.

म्हणून इतरांना एक सांगतो. कारण सापडले की घरी जाऊन सगळे एका दमात सांगून मोकळे होऊ नका. ज्याने उपाय केला त्यालाही जखम असते, आणि तिला झिंक ऑक्साइड नाही.

आठवडाभर मी तसेच जाऊ दिले. मग एका सकाळी खोबरेलाची वाटी घेऊन पडवीत तिच्यापुढे पाठ करून बसलो.

"काय रं?"

"तेल लाव. माझा हात पाठीपतोर पोचत न्हाई."

"बायकोला सांग."

"ती कामात हाय."

बायको आत दारामागे उभी होती, बांगड्या वाजत होत्या. आई उठून परड्यात गेली. चिंचेने आणि राखेने हात घासल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, परत घासल्याचा आला. परत आल्यावर तिने हात नाकाशी धरून हुंगले. मग वाटीत चार बोटे बुडवली आणि माझ्या मानेखाली टेकवली. मी हललो नाही.

"जळजळतंय काय?"

"न्हाई."

"खरं सांग."

"न्हाई, आये. थंड वाटतंय."

तिने सबंध पाठीला तेल लावले. दुसऱ्या दिवशी पाठ बघितली, तिसऱ्या दिवशी बघितली, आणि तिसऱ्या दिवशी तेल लावून झाल्यावर बायकोला हाक मारली, "अगं, माझं आंथरून आत घे. हितं गारठ्यात किती दिस ठेवतीस म्हातारीला?"